औषध कुणाच्या हाती? बाल्टिमोरचे आरोग्यविद्यालय आणि भारतातील खेडी

२०२३ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली. पद्मविभूषणाच्या मानकऱ्यांत डॉ. दिलीप महालनोबिस यांचे नाव होते. सन्मान मरणोत्तर होता. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले होते. ज्या औषधासाठी हा सन्मान मिळाला, ते आज देशातल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात आणि अनेक घरांत असते. मीठ, ग्लुकोज आणि आणखी एकदोन क्षार पाण्यात विरघळवून केलेले ते द्रावण म्हणजे जलसंजीवनी, अर्थात ओआरएस.

१९७१ मध्ये या क्षारांच्या पुड्या कलकत्त्यात एका संशोधन केंद्राच्या ग्रंथालयात भरल्या गेल्या. हे केंद्र अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे होते आणि त्याची मुळे त्या विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयात होती. या विद्यालयाचा भारताशी आलेला संबंध पुड्यांवर सुरू होऊन पुड्यांवर संपत नाही. कलकत्ता, बनगाव, पंजाबातील नारंगवाल, महाराष्ट्रातील जामखेड आणि गडचिरोली, दिल्लीतील वस्त्या अशा अनेक ठिकाणी तो पसरलेला आहे. या सर्व ठिकाणी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला: रोगावरचा उपाय माहीत असताना तो कुणाच्या हाती द्यायचा? केवळ डॉक्टरच्या, की गावातल्या बाईच्या आणि आजारी मुलाच्या आईच्याही?

वैद्यकशाळेपासून वेगळी शाळा

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आरोग्याधिकारी होण्यासाठी स्वतंत्र शिक्षण जवळजवळ नव्हतेच. डॉक्टर रुग्णावर उपचार करी. पण गावाचे पाणी दूषित का झाले, एखाद्या वस्तीत मुले अधिक संख्येने का दगावतात, याचा शोध घेणे हे वेगळ्या प्रकारचे काम आहे, ही जाणीव हळूहळू रुजत होती. १९१५ मध्ये विकृतिशास्त्रज्ञ विल्यम वेल्च आणि रॉकफेलर संस्थेतील विक्लिफ रोझ यांनी या विषयावर एक अहवाल तयार केला. सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण विद्यापीठात व्हावे, त्याला संशोधनाचा पाया असावा आणि त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयाहून स्वतंत्र विद्यालय असावे, अशी त्यामागची भूमिका होती.

रॉकफेलर संस्थेच्या देणगीतून १९१६ मध्ये ‘स्कूल ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थ’ची स्थापना झाली आणि वेल्च तिचे पहिले प्रमुख झाले. प्रत्यक्ष अध्यापन ऑक्टोबर १९१८ मध्ये सुरू झाले, तेव्हा इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ ऐन भरात होती. त्याच साथीने भारतात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. संख्येने एवढ्या मोठ्या मृत्यूंपुढे एकेका रुग्णाशी बोलणारे वैद्यक किती तोकडे पडते, हे नव्या विद्यालयाला पहिल्याच महिन्यात दिसले असणार.

पुढच्या दोन दशकांत या विद्यालयाने आपल्या विषयाची साधने घडवली. एल्मर मॅकॉलम यांनी येथे ‘ड’ जीवनसत्त्वाचे अस्तित्व दाखवून दिले. वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट यांनी साथरोगशास्त्राच्या अध्यापनाला शिस्त दिली. लोवेल रीड आणि फ्रॉस्ट यांनी साथ समाजात कशी चढते आणि कशी ओसरते, याची गणिती मांडणी केली. रेमंड पर्ल यांनी जीवसांख्यिकीचा विभाग उभारला. प्रयोगशाळा, आकडेमोड आणि वस्तीतले निरीक्षण या तिन्ही गोष्टी एका छताखाली आल्या. २००१ पासून हे विद्यालय ‘ब्लूमबर्ग स्कूल ऑफ पब्लिक हेल्थ’ या नावाने ओळखले जाते.

कलकत्त्यातील पूर्वपीठिका

हा विचार भारतात आला तो त्याच रॉकफेलर संस्थेच्या वाटेने. तिच्या साहाय्याने कलकत्त्यात ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थ’ उभी राहिली आणि ३० डिसेंबर १९३२ रोजी तिचे उद्घाटन झाले. १९३९ मध्ये तिच्या संचालकपदी आलेले जॉन ग्रँट हे बाल्टिमोरच्या विद्यालयाचे विद्यार्थी होते. त्याआधी त्यांनी चीनमध्ये आरोग्यसेवेचे प्रयोग केले होते. त्यांच्या काळात कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथील ग्रामीण आरोग्य केंद्र हे प्रशिक्षणाचे क्षेत्र बनले. आरोग्याधिकाऱ्याने वर्गात शिकावे आणि गावात त्याची परीक्षा व्हावी, हा त्यामागचा दृष्टिकोन होता.

१९४३ मध्ये नेमलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीच्या कामातही ग्रँट सहभागी होते. या समितीचा १९४६ चा अहवाल हा स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया मानला जातो. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातूनच देशभर गेली. मात्र त्या अहवालाच्या केंद्रस्थानी ‘मूलभूत डॉक्टर’ होता. डॉक्टर पुरेशा संख्येने तयार होतील आणि ते खेड्यात जातील, असे त्यात गृहीत होते. पुढच्या पंचवीस वर्षांत हे गृहीतकच डळमळीत झाले.

पटकीचे कोडे

१९६० च्या दशकाच्या आरंभी जॉन्स हॉपकिन्सने कलकत्त्यात वैद्यकीय संशोधन आणि प्रशिक्षणाचे केंद्र सुरू केले. विद्यालयातील प्राध्यापक फ्रेडरिक बँग हे त्यामागची प्रेरक शक्ती होते. कलकत्ता निवडण्याचे कारण उघड होते. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, गंगेच्या त्रिभुज प्रदेशाशी जुना संबंध होता आणि शहरातील बेलेघाटा येथील संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात दरवर्षी पटकीचे रुग्ण येत.

पटकीवरील मूलभूत संशोधन कलकत्त्यात आधीपासून चालू होते. शंभूनाथ दे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांनी बांधून त्यात जंतू सोडण्याची पद्धत विकसित केली आणि १९५९ मध्ये दाखवून दिले की, जंतू गाळून काढलेल्या द्रवातही आतड्यात पाणी साचवण्याची शक्ती असते. पटकीचा जंतू विष स्रवतो आणि ते विष आतड्याकडून पाणी बाहेर टाकवते, हे त्यातून सिद्ध झाले. १९५३ मध्ये हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १८६ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला होता. सौम्य पटकीच्या या रुग्णांना त्यांनी तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचे पाणी दिले होते. परंतु शरीरात किती पाणी शिरले आणि किती बाहेर गेले, याची मोजमापे त्यात नव्हती, तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. वैद्यकविश्वाने त्याकडे दुर्लक्ष केले.

कोडे असे होते. पटकीचा रुग्ण काही तासांत अनेक लिटर पाणी गमावतो. शिरेतून सलाइन दिल्यास तो वाचतो. पण त्यासाठी निर्जंतुक बाटल्या, नळ्या, सुया आणि प्रशिक्षित हात लागतात. साधे पाणी पाजले तर ते आतड्यात टिकत नाही, मिठाचे पाणी पाजले तरी फारसा उपयोग होत नाही. उत्तर आतड्याच्या पेशींत होते. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडले की, ग्लुकोज आणि सोडियम पेशीत जोडीने शिरतात. त्यांच्यामागून पाणीही ओढले जाते. पटकीचे विष पाणी बाहेर टाकण्याची यंत्रणा बेफाम सुरू करते. परंतु ही जोडवाहतूक ते बंद पाडत नाही. एक दार सताड उघडे पडले तरी दुसऱ्या दाराने आत येता येते, आणि त्या दाराची किल्ली म्हणजे ग्लुकोज.

१९६८ मध्ये ढाक्यातील पटकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी तोंडावाटे दिलेल्या द्रावणाने शिरेतील सलाइनची गरज मोठ्या प्रमाणात कमी होते, हे काटेकोर मोजमापांनिशी दाखवले. कलकत्त्यात हॉपकिन्स केंद्रातील नॅथॅनिएल पियर्स, ब्रॅडली सॅक आणि त्यांचे भारतीय सहकारी याच प्रश्नावर काम करत होते; त्यांचे निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. उपाय सिद्ध झाला होता, पण तो रुग्णालयातच. शिकलेल्या परिचारिका, मोजलेले प्याले, नोंदींचे तक्ते या सर्वांच्या देखरेखीबाहेर तो चालेल, यावर बहुतेक तज्ज्ञांचा विश्वास नव्हता.

बनगाव, १९७१

ही शंका एका आपत्तीने निकालात काढली. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील दमनामुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेलगतच्या बनगाव येथील रुग्णालयात पटकीच्या रुग्णांची रीघ लागली. जूनच्या अखेरीस हॉपकिन्स केंद्रातील पथक घेऊन महालनोबिस तेथे पोहोचले. खाटा कधीच भरल्या होत्या. माणसे जमिनीवर, वांती आणि जुलाबाच्या चिखलात पडलेली होती. शिरेतून सलाइन देऊ शकणारे लोक मोजके होते आणि सलाइनचा साठा झपाट्याने संपत होता.

महालनोबिस यांनी निर्णय घेतला की, जे रुग्ण पिऊ शकतात त्यांना तोंडावाटेच द्रावण द्यायचे. एका लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे साधे प्रमाण ठरले. पोटॅशियमसारखा उपयुक्त घटकही गाळला गेला, कारण द्रावण जितके सोपे तितके ते लवकर तयार होणार होते. कलकत्त्याच्या केंद्रातील ग्रंथालयात घटक तोलले गेले, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले गेले आणि पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद करण्यात आली. एका लिटरला सुमारे ११ पैसे खर्च येत होता. छावणीत पिंपात द्रावण कालवले जाई. रुग्णांचे नातेवाईक प्याले भरून नेत आणि आपापल्या माणसाला पाजत.

खरा बदल या शेवटच्या वाक्यात आहे. द्रावण पाजणारा हात परिचारिकेचा नव्हता, तो आईचा, बहिणीचा, मुलाचा होता. किती पाजायचे हे ठरवायला गुंतागुंतीचे कोष्टक नव्हते. तहान आणि बाहेर जाणारे पाणी हेच माप होते. छावण्यांतील पटकीच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांपर्यंत गेले होते. बनगावात सुमारे दोन महिन्यांत साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार झाले आणि मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

या कामाचा अहवाल प्रसिद्ध व्हायला १९७३ उजाडले. नियंत्रित प्रयोगाचा साचा त्यात नव्हता आणि असणे शक्यही नव्हते. मरणाऱ्या माणसाला तुलनेसाठी उपचाराविना ठेवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ यांनी छावणीतील काम प्रत्यक्ष पाहिले आणि पुढे त्याचा पाठपुरावा केला. १९७८ मध्ये संघटनेने अतिसार नियंत्रणाचा जागतिक कार्यक्रम हाती घेतला. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ने आपल्या संपादकीयात या शोधाला शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीचा मान देऊ केला. जलसंजीवनीमुळे जगभर कोट्यवधी जीव वाचले, असा अंदाज आज मांडला जातो.

नारंगवालची शिकवण

बनगावात जे संकटाने घडवले, तेच पंजाबात शांतपणे आणि आखणी करून तपासले जात होते. या कामाचे सूत्रधार कार्ल टेलर यांचा जन्म १९१६ मध्ये, विद्यालयाच्या स्थापनेच्याच वर्षी, मसुरीजवळच्या लंढौर येथे वैद्यकीय सेवा करणाऱ्या मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. डॉक्टर होऊन ते भारतात परतले. लुधियानाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकाचा विभाग उभारला. १९६१ मध्ये बाल्टिमोरच्या विद्यालयात आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग सुरू झाला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली.

त्यांच्या गटाचा पहिला मोठा अभ्यास भारतातील सात वैद्यकीय महाविद्यालयांतील ग्रामीण आंतरवासितेचा होता. तरुण डॉक्टर खेड्यात का जात नाहीत आणि गेले तर का टिकत नाहीत, हा त्याचा विषय. भोर समितीने गृहीत धरलेली गोष्ट येथे प्रथमच पद्धतशीरपणे तपासली गेली. डॉक्टरला खेड्यात पाठवणे हाच एकमेव मार्ग नव्हे, हे त्यातून अधिकाधिक स्पष्ट होत गेले.

पुढचा टप्पा लुधियाना जिल्ह्यातील नारंगवाल आणि आसपासच्या गावांत झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने चाललेल्या या प्रकल्पात काही गावांत मुलांना पूरक आहार दिला गेला, काही गावांत संसर्गांवर उपचार केले गेले, काही गावांत दोन्ही आणि काही गावांत तुलनेसाठी यांपैकी काहीच नव्हते. कुपोषण आणि संसर्ग एकमेकांना खतपाणी घालतात, अशक्त मूल लवकर आजारी पडते आणि आजारी मूल आणखी अशक्त होते, हा सिद्धांत टेलर यांनी नेविन स्क्रिमशॉ आणि जॉन गॉर्डन यांच्यासह मांडला होता. आता त्याची गावपातळीवर परीक्षा होत होती.

या गावांत काम करणाऱ्या कुटुंब आरोग्य सेविका तेथेच राहत. मुलाला न्यूमोनिया झाला आहे का हे त्या ओळखत, ठरलेल्या नियमांनुसार पेनिसिलिन देत आणि अतिसाराच्या मुलाला पाणी पाजण्याची पद्धत आईला शिकवत. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने प्रतिजैविक देणे ही त्या काळी धक्कादायक गोष्ट होती. पण सेवा मिळालेल्या गावांत बालमृत्यू घटले. १९७४ मध्ये, भारत आणि अमेरिका यांच्या संबंधांत ताण असताना, प्रकल्प बंद झाला. त्याचे सविस्तर निष्कर्ष १९८३ मध्ये ग्रंथरूपाने आले. त्याआधीच त्यातला विचार सोव्हिएत संघातील अल्मा-अता येथे १९७८ मध्ये भरलेल्या प्राथमिक आरोग्य परिषदेपर्यंत पोहोचला होता. त्या परिषदेच्या तयारीत टेलर यांचा मोठा वाटा होता.

याच सुमारास आणखी एका मोहिमेने हाच धडा वेगळ्या रीतीने दिला. देवीच्या निर्मूलनाचे जागतिक नेतृत्व करणारे डी. ए. हेंडरसन हे बाल्टिमोरच्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी होते. १९७७ मध्ये ते त्याचे अधिष्ठाता झाले. त्या मोहिमेतील दुशाखी सुई वापरायला थोड्या वेळात कुणालाही शिकवता येई. मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज येथे भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण आढळला. घरोघर फिरून रुग्ण शोधणाऱ्या हजारो सामान्य कार्यकर्त्यांचा त्या यशात वाटा होता.

जामखेड आणि गडचिरोली

टेलर यांचे अनेक विद्यार्थी भारतातून बाल्टिमोरला गेले आणि परत आले. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने तेथील शिक्षणानंतर १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. अवर्षणाच्या त्या भागात प्रशिक्षित परिचारिका गावात एकटीने राहू शकत नव्हत्या. तेव्हा गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना आरोग्य सेविका म्हणून घडवण्याचा मार्ग आरोळे दांपत्याने स्वीकारला. या स्त्रिया नियमितपणे जामखेडला येऊन शिकत आणि गावी परतून शिकवत. ज्या बाईला पाणवठ्यावर मज्जाव होता, तिच्या हातून गावातल्या सवर्ण घरातली बाळंतपणे होऊ लागली. जामखेडच्या प्रयोगात आरोग्यासोबत जातीची भिंतही हलली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अभय आणि राणी बंग हे दांपत्य १९८४ मध्ये बाल्टिमोरहून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊन परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. टेलर यांच्याकडून घेतलेली संशोधनाची शिस्त आणि विदर्भातील गांधीविचाराचे संस्कार यांचा तेथे संगम झाला. १९८९ मध्ये राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एखादा तरी आजार होता. कुटुंबनियोजनापलीकडे स्त्रीच्या आरोग्याकडे न पाहणाऱ्या धोरणांना या आकड्याने जाब विचारला.

नारंगवालमध्ये सुरू झालेला न्यूमोनियाचा धागा गडचिरोलीत पुढे विणला गेला. बाळाचे श्वास मोजता आले तर न्यूमोनिया ओळखता येतो. पण ज्या सुईणीला आकडे मोजता येत नाहीत तिचे काय? तिच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले श्वासमापक तयार झाले. ठरावीक वेळात मणी किती सरकले, हे पाहून तिला निदान करता येऊ लागले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गावपातळीवरील अशा उपचारांनी न्यूमोनियाचे आणि एकूण बालमृत्यू घटले.

त्यानंतर प्रश्न आला नवजात बालकांचा. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील मृत्यू रुग्णालयाशिवाय टळणार नाहीत, अशी तेव्हाची समजूत होती. ३९ गावांत ‘आरोग्यदूत’ म्हणून निवडलेल्या स्त्रियांना घरी जाऊन बाळाचे वजन करणे, ऊब राखणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवण्यात आले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाली होती.

पुडीत जस्ताची भर

जलसंजीवनीने अतिसारातील मृत्यू टळले, पण जुलाब थांबत नाहीत, ही आयांची तक्रार राहिली होती. बाल्टिमोरचे रॉबर्ट ब्लॅक आणि सुनील सझावल, तसेच दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील महाराज किशन भान व सहकारी यांनी दिल्लीतील ९३७ मुलांवर एक नियंत्रित चाचणी केली. जस्त दिलेल्या मुलांत जुलाब लांबण्याची शक्यता २३ टक्क्यांनी कमी झाली, असा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. अन्य देशांतील पुराव्यांसह विचार होऊन २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी अतिसाराच्या उपचारात जलसंजीवनीसोबत जस्ताची शिफारस केली.

श्रेय, मर्यादा आणि उरलेले काम

या इतिहासाकडे अमेरिकेने भारताला दिलेले दान म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. पटकीच्या विषाचा शोध कलकत्त्यात एका भारतीय शास्त्रज्ञाने लावला आणि शंभूनाथ दे यांना हयातीत त्याचे पुरेसे श्रेय मिळाले नाही. चॅटर्जींचे काम बराच काळ विस्मरणात गेले. बनगावचा धाडसी निर्णय महालनोबिस यांचा होता. जामखेडमध्ये निरक्षर स्त्रियांना शिकवण्याची युक्ती बाल्टिमोरच्या अभ्यासक्रमात नव्हती; ती जामखेडच्या अनुभवातून आली. विद्यालयाने दिले ते मोजण्याचे शास्त्र, तुलना करण्याची शिस्त आणि निष्कर्ष जगापुढे मांडण्याचे बळ. प्रश्न आणि बहुतेक उत्तरे भारतातील गावांची होती. टेलर यांनी बाल्टिमोरमधील पिढ्यानुपिढ्यांना जे शिकवले, त्यातला मोठा भाग ते स्वतः पंजाबात शिकले होते.

या प्रयोगांची परिणती २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात दिसते. गावातीलच एक स्त्री गावाची आरोग्य कार्यकर्ती व्हावी, हे ‘आशा’ योजनेचे सूत्र जामखेड आणि गडचिरोलीच्या वाटेनेच आले आहे. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांसाठी घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. देशभरात दहा लाखांच्या आसपास आशा काम करतात आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा सामूहिक गौरव केला.

तरीही मूळ प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार, अतिसार झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांना जलसंजीवनी मिळाली आणि सुमारे ३० टक्के मुलांना जस्त. ज्या देशात हा उपचार सिद्ध झाला, त्याच देशात दहापैकी चार आजारी मुलांपर्यंत तो पोहोचत नाही. गडचिरोलीतील आरोग्यदूताच्या हाती दिलेले इंजेक्शन राष्ट्रीय कार्यक्रमात आशाच्या हाती आलेले नाही. आणि जिच्या खांद्यावर या व्यवस्थेचे शेवटचे टोक आहे, ती आशा आजही ‘स्वयंसेविका’ म्हणवली जाते. तिला वेतन नसून मानधन आणि कामानुसार मोबदला मिळतो. त्यासाठी तिला अनेक राज्यांत रस्त्यावर उतरावे लागले आहे.

उपाय सामान्य माणसाच्या हाती सुरक्षित असतो, हे बनगावात आणि नारंगवालमध्ये अर्ध्या शतकापूर्वीच दिसले. तो हात वेळेवर पुडी घेऊन दारी पोहोचावा आणि त्याच्या श्रमाचे मोल व्हावे, हे काम आता प्रयोगशाळेचे नाही. ते अर्थसंकल्पाचे आणि सार्वजनिक इच्छाशक्तीचे आहे.

#विज्ञानइतिहास #सार्वजनिकआरोग्य #जलसंजीवनी